लंडनमध्ये झालेले बारसे: हिमालयातील एका लोकरी झुडपाच्या नावाची गोष्ट

हिमालयाच्या मधल्या उंचीच्या उतारांवर, दगडांच्या खाचांतून आणि पायवाटांच्या कडेने, एक करडे-पांढरे झुडूप उगवते. उंची जेमतेम गुडघ्याएवढी, खोड चौकोनी. पाने, खोड आणि फुलाखालची हिरवी वाटी यांवर लोकरीसारखी दाट, मऊ लव. पानांच्या बगलेत गोलाकार झुबक्यांनी येणारी फुले पांढरीशुभ्र. फुलाची वरची पाकळी टोपडे घातल्यासारखी वाकलेली असते, तिच्या कडेला पांढऱ्या केसांची झालर असते, आणि खालची पाकळी जिभेसारखी पुढे आलेली असते.

या झुडपाचे शास्त्रीय नाव ‘ल्यूकस लॅनाटा’. ग्रीक भाषेत ‘ल्यूकोस’ म्हणजे पांढरा, लॅटिनमध्ये ‘लाना’ म्हणजे लोकर. नावाचा अर्थ झाला ‘लोकरी पांढरी’. वनस्पतींच्या ग्रंथांत या नावापुढे आणखी एक लघुरूप असते: ‘बेंथ.’ म्हणजे जॉर्ज बेंथम. १८३० साली हे नाव छापले गेले तेव्हा बेंथम तिशीला टेकलेला होता, लंडनमध्ये कायद्याच्या व्यवसायात होता, आणि त्याने हिंदुस्थान कधी पाहिलेला नव्हता. पुढे जवळपास ८४ वर्षांच्या दीर्घ आयुष्यातही त्याने तो पाहिला नाही.

हिमालयातल्या झुडपाचे बारसे लंडनमध्ये, तेही जन्मगाव न पाहिलेल्या माणसाच्या हातून का झाले? या एका प्रश्नात एक युद्ध, एक तह, एक युद्धकैदी आणि बरीच हरवलेली माणसे दडलेली आहेत.

आधी कुळाविषयी थोडेसे. तुळस, सब्जा, पुदिना आणि हे झुडूप एकाच कुळातले. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पानांची जोडी आणि दोन ओठांचे फूल या कुळाच्या ठळक खुणा. ‘लेबिएटी’ हे कुळाचे जुने नाव ओठावरूनच आले होते. लव ही मात्र या झुडपाची स्वतःची मिळकत. बोचरा वारा, उघडे ऊन आणि पाणी धरून न ठेवणारा खडकाळ उतार अशा ठिकाणी पानावरची लव ओलावा सहजी उडू देत नाही आणि चरणाऱ्या जनावराच्या तोंडालाही ती फारशी रुचत नाही.

आता त्या कैद्याकडे वळू. नथानिएल वॉलिक १७८६ साली कोपनहेगनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला, शल्यवैद्य झाला आणि १८०७ साली हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे दाखल झाला. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. युरोपात नेपोलियनशी चाललेल्या युद्धात डेन्मार्क इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला गेला आणि १८०८ च्या आरंभीच इंग्रजांनी श्रीरामपूर घेतले. तरुण वैद्य कैदेत पडला. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याला हाताखाली जाणता माणूस हवा होता. त्याने शब्द टाकला आणि वॉलिक सुटून त्याच्या मदतीला आला. १८१७ पासून तो स्वतःच त्या उद्यानाचा कायम प्रमुख झाला आणि १८४६ पर्यंत त्या पदावर राहिला.

या श्रीरामपूरचा मराठीशीही जवळचा संबंध आहे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तिथल्याच छापखान्यातून निघाले. त्याच्या मराठी कामामागे पंडित वैजनाथ यांची मोठी मदत होती. हाच केरी हौशी वनस्पतिशास्त्रज्ञही होता. रॉक्सबर्गच्या ‘फ्लोरा इंडिका’ या हस्तलिखिताला १८२० पासून छापील रूप देण्याचे काम त्याने केले आणि त्यात वॉलिकने आपल्याकडील वनस्पतींची भर घातली. शब्दसंग्रह आणि वनस्पतिसंग्रह ही दोन्ही कामे त्या काळात बहुधा एकाच टेबलावर चालत, आणि माहिती पुरवणारी स्थानिक माणसे दोन्हीकडे पडद्याआड राहत.

वॉलिकची नजर उत्तरेकडे होती, पण हिमालय कंपनीसाठी बंद होता. तो दरवाजा युद्धाने उघडला. १८१४ ते १८१६ या काळातील इंग्रज-नेपाळ युद्धानंतर सुगौलीचा तह झाला. कुमाऊँ आणि गढवालचा पूर्वेकडील भाग कंपनीकडे आला आणि काठमांडूत इंग्रज रेसिडेंट बसला. एडवर्ड गार्डनर या रेसिडेंटला वनस्पतींची आवड होती. त्याने कलकत्त्याला रोपे, बिया आणि वाळवलेले नमुने पाठवण्याचा सपाटा लावला. इतिहासाच्या पुस्तकांत सुगौलीचा तह सीमारेषांसाठी येतो. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातही त्याला जागा द्यायला हवी, कारण हिमालयाच्या हजारो वनस्पती युरोपला कळल्या त्या या तहानंतरच्या दोन दशकांत.

१८२० साली वॉलिक स्वतः नेपाळात गेला आणि सुमारे वर्षभर राहिला. मात्र नेपाळ दरबार सावध होता. परक्या पाहुण्याला काठमांडूच्या खोऱ्याबाहेर मोकळे फिरू देणे त्याला मान्य नव्हते, आणि नुकतेच युद्ध हरलेल्या राज्याने असा विचार केला यात नवल नाही. मग उंचावरच्या वनस्पती मिळाल्या कशा? गोसाइँथानच्या पवित्र सरोवरांकडे यात्रेकरू जात, त्या वाटेने वॉलिकने स्थानिक माणसे पाठवली. त्यांनी, आणि काही प्रमाणात यात्रेकरूंनीही, डोंगरातून झाडे उपटून, बांधून खाली आणली. जिथे वॉलिकचे पाऊल पडले नाही तिथल्या वनस्पतींवर त्याचे नाव लागले, ते या पायांच्या जोरावर.

वनस्पतीचा नमुना तयार करणे हे वाचताना सोपे वाटते, प्रत्यक्षात कष्टाचे असते. झाड मुळासकट काढायचे, कागदांमध्ये पसरायचे, वजनाखाली दाबायचे. ओल धरलेले कागद रोज बदलायचे, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. पावसाळ्यात, जेव्हा बहुतेक झाडे फुलतात, तेव्हा कोरडा कागद ही डोंगरातली सर्वांत दुर्मीळ वस्तू. मग ती चळत पाठीवर घेऊन दिवसच्या दिवस उतरायचे, नदीवाटेने कलकत्ता गाठायचे आणि तिथल्या दमट हवेत ती वाळवीपासून राखायची. हे सारे करणारे हमाल, माळी आणि संग्राहक कंपनीच्या खर्चाच्या वहीत रोजंदारीची रक्कम म्हणून उरले.

कुमाऊँमध्ये वॉलिकसाठी रॉबर्ट ब्लिंकवर्थ नावाचा संग्राहक काम करत होता. सिल्हेटच्या बाजूला डिसिल्व्हा, पूर्वेकडे गोमेझ. वॉलिकच्या यादीत ही माणसे आद्याक्षरांनी भेटतात. त्यातल्या ब्लिंकवर्थच्या वाट्याला एक भाग्य आले: ‘ब्लिंकवर्थिया’ नावाची एक वनस्पती-प्रजाती त्याची आठवण म्हणून आजही आहे. त्याच्याबरोबर चढणाऱ्यांच्या वाट्याला आद्याक्षरेही आली नाहीत.

१८२८ साली वॉलिक आजारपणाची रजा घेऊन इंग्लंडला निघाला, तो रिकाम्या हाताने नव्हे. कंपनीच्या संग्रहातील हजारो जातींचे वाळलेले नमुने त्याच्याबरोबर होते. लंडनच्या सोहो भागातील फ्रिथ स्ट्रीटवरच्या एका घरात ते उघडण्यात आले. एवढा संग्रह एका माणसाने वर्णावा म्हटले तर आयुष्य पुरले नसते. वॉलिकने वेगळा मार्ग काढला. त्याने कुळे वाटून दिली. ऑर्किडे लिंडलीकडे गेली, इतर कुळे युरोपभरच्या अभ्यासकांकडे, आणि तुळशीचे कुळ बेंथमकडे. जादा नमुने युरोपातील आणि अमेरिकेतील संग्रहालयांना व अभ्यासकांना भेट म्हणून गेले. सोबत क्रमांकांची यादी होती. वॉलिकच्याच हस्ताक्षरात शिळाछपाईने छापलेली ही यादी नऊ हजारांच्या पुढे गेली.

हे औदार्य खरे होते, आणि त्यामागचा हिशेबही खरा होता. कंपनीची सनद लवकरच नव्याने पार्लमेंटपुढे येणार होती. व्यापारी कंपनी ज्ञानाचीही आश्रयदाती आहे, असे जगाला दिसणे तिच्या सोयीचे होते. वॉलिकचा तीन खंडांचा ‘प्लांटे एशियाटिके रेरिओरेस’ म्हणजे ‘आशियातील दुर्मीळ वनस्पती’ हा सुमारे तीनशे रंगीत चित्रांचा भव्य ग्रंथ याच वर्षांत निघाला. त्यातली कित्येक उत्तम चित्रे कलकत्त्याच्या उद्यानातील विष्णुप्रसाद आणि गोराचांद या चित्रकारांची. चित्राच्या तळाशी, कोपऱ्यात, त्यांची नावे बारीक अक्षरात छापलेली आहेत. संग्राहकांच्या मानाने चित्रकार नशीबवान म्हणायचे.

याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात, १८३० साली, बेंथमने हिंदुस्थानातील तुळस-कुळाच्या वनस्पतींची मांडणी केली आणि ‘ल्यूकस लॅनाटा’ जगापुढे आली.

बेंथम हा माणूस विलक्षण होता. विख्यात विचारवंत जेरेमी बेंथम हा त्याचा चुलता. त्याच्या हाताखाली जॉर्ज काही वर्षे लेखनिक म्हणून राबला. वडील नौदलाचे अभियंता, बालपणाचा काही काळ रशियात आणि तारुण्याचा बराच काळ फ्रान्समध्ये गेलेला. सोळा-सतराव्या वर्षी आईने घेतलेले फ्रेंच वनस्पतींचे एक पुस्तक त्याच्या हाती पडले. त्यातल्या कोष्टकांची तर्कशुद्ध मांडणी त्याला भावली, म्हणून तो अंगणात गेला आणि समोर दिसलेले पहिले झाड त्या कोष्टकांच्या मदतीने ओळखून काढले. ते होते सॅल्व्हिया, म्हणजे तुळशीच्याच कुळातले. पुढे १८३२ ते १८३६ या काळात त्याने याच कुळावर ‘लेबिएटारम जेनेरा एट स्पेशीज’ हा जगभरच्या जातींचा आढावा घेणारा ग्रंथ लिहिला. वडील आणि चुलता वारल्यावर मिळालेल्या वारशामुळे त्याने वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य वनस्पतींना दिले.

बेंथमच्या टेबलावर आलेल्या नमुन्याची मात्र कल्पना करायला हवी. कागदावर चिकटवलेली वाळलेली फांदी, सपाट आणि तपकिरी. फुलांचा पांढरा रंग वाळताना मावळलेला, वास गेलेला, डोंगर तर नव्हताच. टिकली होती ती एकच गोष्ट: लव. वनस्पती वाळली तरी लोकर लोकरच राहते. ‘लॅनाटा’ हे नाव म्हणजे वाळलेल्या नमुन्यातून जे पाहता येते त्याचे नेमके वर्णन आहे. ‘ल्यूकस’ ही प्रजाती तर रॉबर्ट ब्राउनने १८१० सालीच मांडून ठेवली होती. त्याआधी लिनियस आणि त्याच्या अनुयायांनी या गटातील झाडे ‘फ्लोमिस’ या वेगळ्या प्रजातीत घातली होती.

ज्यांनी हे फूल ताजे पाहिले होते त्यांनी नावे निराळी दिली. या झुडपाच्या सख्ख्या बहिणी मैदानात, शेताच्या बांधावर उगवतात. संस्कृत वैद्यकाने त्यांना ‘द्रोणपुष्पी’ म्हटले, कारण फुलाचा आकार पानांच्या द्रोणासारखा. ‘भावप्रकाश’ निघंटूत ती आहे. हिंदीत गुमा, मराठीत कुंभा आणि तुंबा. केरळात तुंबा हे ओणमच्या पूकळमचे फूल. तिरुवनंतपुरमजवळच्या ज्या तुंबा गावातून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतभूमीवरून पहिला अग्निबाण आकाशात गेला, त्या गावाचे आणि या फुलाचे नाव मल्याळममध्ये एकच आहे.

मग यांपैकी एखादे नाव शास्त्रीय का झाले नाही? उत्तर लिनियसकडे आहे. १७३७ च्या ‘क्रिटिका बोटॅनिका’ या ग्रंथात त्याने नियम घालून दिला की प्रजातीचे नाव ग्रीक किंवा लॅटिन मुळाचेच असावे. इतर भाषांतील नावे त्याच्या मते ‘रानटी’. हा नियम म्हणजे व्याकरणाची शिस्त होती असे म्हणता येते, आणि त्या शिस्तीचे फायदेही झाले. पण तिची किंमत हिंदुस्थानातल्या भाषांनी मोजली. लिनियसने हिंदुस्थानातील वनस्पतींची माहिती ज्या ग्रंथातून मोठ्या प्रमाणावर उचलली, त्या ग्रंथाची रीत नेमकी उलटी होती.

तो ग्रंथ म्हणजे ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला बारा खंडांत छापलेला. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने तो घडवून आणला. त्यात प्रत्येक वनस्पतीचे शीर्षक मल्याळम नावाने आहे. तुंबाही आहे, ‘तुंबा’ याच नावाने. आणि चित्रांवर नावे कोरली आहेत ती रोमनबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी लिपींतही.

ही नागरी अक्षरे कोठून आली? कोचीत तेव्हा गोव्याहून स्थलांतरित झालेल्या सारस्वतांची वस्ती होती. पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक जाचामुळे त्यांच्या पूर्वजांनी गोवा सोडला होता. त्यांच्यातले तीन वैद्य, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट, रेडेच्या कामात होते. त्यांनी आपले वैद्यकग्रंथ काढले, नावे आणि गुण सांगितले. १६७५ साली त्यांनी कोकणी भाषेत, नागरी लिपीत, आपल्या कामाची साक्ष लिहून दिली आणि रेडेने ती ग्रंथाच्या पहिल्याच खंडात त्यांच्या अक्षरांसह छापली. इट्टी अच्युतन या केरळीय वैद्याचे साक्षपत्रही त्याच्या स्वतःच्या लिपीत तिथे आहे. छापील पुस्तकात नागरी अक्षरे उमटल्याचे हे आरंभीच्या उदाहरणांपैकी एक.

फान रेडे हा संत नव्हता. डच कंपनीला मसाल्यांचा आणि औषधांचा व्यापार हवा होता, आणि या ग्रंथामागे तोही हेतू होता. पण सांगणाऱ्याचे नाव, त्याची भाषा आणि त्याचे हस्ताक्षर ग्रंथात ठेवणे अशक्य नव्हते, एवढे या तीन वैद्यांच्या साक्षपत्रावरून सिद्ध होते. फ्रिथ स्ट्रीटवरच्या याद्यांच्या दीडशे वर्षे आधी ते घडले होते. मधल्या काळात शास्त्राची पद्धत अधिक काटेकोर झाली आणि श्रेय देण्याची पद्धत अधिक कंजूष.

कंपनीचा तो मूळ संग्रह १८३२ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला देण्यात आला आणि १९१३ साली क्यू येथील वनस्पती उद्यानात गेला. तिथे तो आजही इतर नमुन्यांत न मिसळता स्वतंत्र ठेवलेला आहे, कारण हजारो भारतीय वनस्पतींच्या नावांचा शेवटचा निवाडा त्या कागदांवरून होतो. विसाव्या शतकात भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञाला आपल्या डोंगरातले झाड पक्के ओळखायचे तर कधीकधी समुद्र ओलांडावा लागे. आता त्या कागदांची छायाचित्रे संगणकावर दिसतात.

आणि सह्याद्री? बेंथमने त्याच काळात आणखी एका जातीचे वर्णन केले: ‘ल्यूकस स्टेलिजेरा’, म्हणजे चांदण्या धारण करणारी. या नावापुढे ‘वॉल. एक्स बेंथ.’ असे लिहितात. नाव सुचवले वॉलिकने, वर्णन छापले बेंथमने, असा त्या ‘एक्स’चा अर्थ. ही वनस्पती पश्चिम घाटात आढळते. पावसाळा सरताना गडांच्या वाटांवर, कोरड्या पडू लागलेल्या गवतात, तिचे पांढरे गोल झुबके सर्वत्र दिसतात. मावळात आणि कोकणात तिला बुरुंबी म्हणतात. गडावर जाणाऱ्या कितीतरी तरुणांनी ती पायदळी तुडवली असेल, आणि तिचे बारसेही हिमालयातल्या बहिणीबरोबर लंडनलाच झाले हे त्यांच्या गावी नसेल.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक जातीखाली ती कोठे व कोणाला सापडली त्याची नोंद असते, आणि नमुना ग्रंथकाराने स्वतः पाहिला असेल तर संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह असते. डाल्झेल, स्टॉक्स, वुड्रो अशा नावांच्या रांगेत मध्येच कानिटकर येतात. आणि त्याच रांगेत, आडनावाशिवाय, पदवीशिवाय, एक नाव पुन्हा पुन्हा येते: भिवा!